शेळ्यांच्या कळपाची सुधारणा : आधी ध्येय, मग बोकड

मुलीचे लग्न, मुलाच्या शाळेची फी, घरातील अकस्मात आजारपण, अशा प्रसंगी दावणीचा बोकड सोडावा आणि नड भागवावी, ही आमच्या खेड्यांतील कुटुंबांची जुनी रीत आहे. शेळी ही गरिबाची पेढी होय, आणि पेढीवरून पैसा काढण्यात गैर असे काहीच नाही. परंतु या रीतीत एक तोटा असा दडलेला आहे की, तो एका वर्षात डोळ्यांना दिसत नाही आणि दहा वर्षांनी दिसू लागला म्हणजे त्याचे कारण सापडत नाही. नड आली म्हणजे कोणता बोकड विकला जातो? जो लवकर वाढला, अंगाने भरला, ज्याला पाहून दलाल आपण होऊन दाराशी आला, तोच. मागे राहतो तो किरकोळ, हाडे दिसणारा, गिऱ्हाइकाने नाकारलेला. पुढे शेळ्या माजावर आल्या म्हणजे रानात त्यांना फळवितो तो हाच नाकारलेला बोकड!

जोंधळ्याच्या खळ्यावर आपण असे कधी करीत नाही. भरदार कणसे निवडून ती बियाण्यासाठी आढ्याला टांगून ठेवावी, हे घरातल्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही. दुष्काळातही ती कणसे मोडू नयेत असा तिचा कटाक्ष असे. मात्र तीच आजी शेळ्यांच्या बाबतीत उत्तम बियाणे बाजारात धाडते आणि चिरगूट पेरते. याला शास्त्रात उलटी निवड म्हणतात. "पूर्वी शेळ्या मोठ्या असत, आता जातच बिघडली," अशी तक्रार आम्ही पुष्कळ दारांत ऐकतो. ती खरी असेल तर जात आपोआप बिघडलेली नाही. आपणच दर जत्रेला आणि दर बकरी ईदेला तिच्यातील उत्तम अंश विकून टाकीत आलो आहोत.

तेव्हा उपाय सोपा दिसतो : सर्वांत मोठा बोकड राखावा. परंतु एवढ्यावर थांबलो तर एका चुकीतून निघून दुसरीत पडू. मोठा म्हणजे किती मोठा? कोणत्या वयाला मोठा? आणि कोणाच्या रानात मोठा? बोकड निवडण्यापूर्वी आपल्याला काय साधावयाचे आहे, हे ठरवावे लागते. ज्याने ध्येय ठरविले नाही, त्याच्या कळपात एका वर्षी लांब कानांचा बोकड येतो, दुसऱ्या वर्षी पांढऱ्या ठिपक्यांचा, तिसऱ्या वर्षी पाहुण्यांच्या गावचा, आणि कळप मात्र जेथल्या तेथे राहतो.

बेळगाव जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग घाटाला लागून आहे. तेथे पाऊस उदंड, रान ओले, खुरांत चिखल, आणि आश्विनापर्यंत पोटातील जंतांचा उपद्रव. अथणीकडे गेलो तर कोरडा मुलूख, बाभळीच्या शेंगा, तुरीचे भुसकट आणि लांबवरची चराई. या दोन ठिकाणच्या कुटुंबांनी एकच बोकड चांगला म्हणावा, हे कसे जमावे? अथणीकडील माणसाला उन्हात पाच-सहा मैल चालणारी, कमी पाण्यावर तग धरणारी आणि वर्षातून जुळी देणारी शेळी पाहिजे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी काळी उस्मानाबादी शेळी या कामास शतकानुशतके तयार झालेली आहे. खानापूरच्या माणसाला मात्र पावसाळा निभावणारी शेळी पाहिजे. सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ ही जात अशाच हवेतील असून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलेले आहे. एका मुलखातील उत्तम जनावर दुसऱ्या मुलखात मध्यम ठरते, यात जनावराचा दोष नाही.

आता ध्येय ठरवावयाचे ते कोणत्या मापाने? आमच्या मते मांसाच्या कळपास एकच मुख्य माप पुरेसे आहे : एका शेळीमागे एका वर्षात, आईचे दूध सुटण्याच्या वयापर्यंत जगलेल्या करडांचे मिळून वजन किती? हे माप वाचावयास लांबलचक वाटते, पण हिशेब साधा आहे. एका शेळीने वर्षातून एक करडू दिले आणि ते तीन महिन्यांचे होऊन ११ किलो भरले. पाहणाराला ते करडू गुबगुबीत दिसते आणि शेळीचे कौतुक होते. दुसरीने जुळी दिली, प्रत्येक करडू ८ किलोचे. पाहणारा म्हणतो, करडे बारीक आहेत. परंतु या दुसऱ्या शेळीचे दिवस मोजा. शेळी पाच महिने गाभण राहते. व्याल्यानंतर तीन महिन्यांत ती पुन्हा फळली तर दोन वेतांतील अंतर आठ महिन्यांचे होते, म्हणजे दोन वर्षांत तीन वेत. प्रत्येक वेताला १६ किलो धरले तर वर्षाला २४ किलो होतात. पहिलीचे ११ आणि दुसरीचे २४! तिसरी एक शेळी असते, जी तिळी देते आणि गावभर नाव मिळविते. पण तिच्या कासेत तिघांपुरते दूध नसते, दोन करडे पहिल्या पंधरवड्यात दगावतात आणि उरलेले रोडावते. तिचे नाव मोठे आणि माप सर्वांत लहान. यास्तव तिळी हे ध्येय ठेवू नये. जुळी, आणि ती दोन्ही जगलेली, हे ध्येय ठेवावे.

या एका मापात शेळीचे बहुतेक गुण सामावतात. ती वेळेवर माजावर येते की नाही, तिला दूध पुरेसे आहे की नाही, ती करडांना चाटते, पाजते की लाथाडते, हे सर्व त्या आकड्यात उतरते. केवळ देहाचा आकार पाहणाऱ्याला यांतील काहीच कळत नाही. इंग्लंडमध्ये लेस्टर परगण्यातील डिशली येथे रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) नावाचा शेतकरी होऊन गेला. मांसासाठी मेंढ्यांची हेतुपूर्वक निवड करणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी घेतात. लवकर वाढणारी, हाडाला बारीक आणि मांसाला भरदार मेंढी हे त्याने ध्येय ठेवले, ते साधले, आणि आपले एडके हंगामापुरते भाड्याने देऊन त्याने मोठे नाव मिळविले. परंतु त्याच्या मेंढ्यांवर पुढे आक्षेप आला तो असा की, त्या चरबीने फार लठ्ठ होतात आणि कोकरे कमी देतात. जे मागितले ते त्याला मिळाले. जे मागावयाचे राहिले ते हातचे गेले. पैदाशीचा हा स्वभावच आहे.

आता बोकडाकडे वळू. प्रत्येक करडाला अर्धा वारसा आईकडून आणि अर्धा बापाकडून येतो. परंतु आई वर्षाला दोन-तीन करडे देते, तर एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. म्हणून शेळ्या कितीही निवडल्या तरी कळपाची दिशा ठरते ती बोकडाने. ती किती ठरते, याचाही हिशेब करता येतो, आणि तो थोडा नम्र करणारा आहे.

समजा, एका वाडीत दहा घरांच्या मिळून चाळीस शेळ्या आहेत आणि सहा महिन्यांच्या करडांचे सरासरी वजन १२ किलो आहे. त्यांतील एक बोकड १६ किलो भरला. सरासरीहून तो ४ किलो अधिक. हे चारही किलो तो आपल्या लेकरांना देईल काय? नाही. त्यातील पुष्कळसा भाग आईच्या दुधाचा, घरातल्या मुलाने चोरून घातलेल्या मक्याचा आणि नशिबाचा असतो. वजनाच्या बाबतीत रक्तातून पुढे जाण्यासारखा भाग रुपयात सुमारे चार आण्यांचा धरावा. म्हणजे ४ किलोंपैकी १ किलो खरोखर त्याच्या रक्तातील. आणि करडाला बापाचा अर्धाच वारसा मिळतो, म्हणून प्रत्येक करडामागे वाढ अर्ध्या किलोची. "एवढेच?" असे वाचक म्हणतील. परंतु चाळीस शेळ्यांना वर्षाला साठ करडे झाली तर ती ३० किलो होतात, तीही दर वर्षी, नवा गोठा न बांधता. आणि पुढल्या पिढीची निवड या वाढलेल्या पायावरून सुरू होते. आता उलट हिशेब करा. १६ किलोचा विकला आणि मागे उरलेला ९ किलोचा बोकड कळपात फिरला. तो सरासरीहून ३ किलो कमी. त्याच रीतीने दर करडामागे पाव किलोहून अधिक घट येते आणि साठ करडांत बावीस-तेवीस किलो जातात. चांगला ठेवणे आणि वाईट उरणे यांत वर्षाला पन्नास किलोंहून अधिक अंतर पडते. आमच्या वाड्यांतून हे अंतर वर्षानुवर्षे कोणाच्याही वहीत न लिहिता वाहून गेले आहे.

जुळ्यांच्या बाबतीत रक्ताचा भाग याहूनही कमी, रुपयात जेमतेम दीड आणा. म्हणून जुळी वाढविण्यासाठी निवडीवरच विसंबून राहणे बरे नव्हे. शेळी फळण्यापूर्वी दोन-तीन आठवडे तिला रोज पाव किलोपर्यंत भरडा द्यावा. रोडावलेल्या शेळीच्या बाबतीत त्याचा परिणाम त्याच वेताला दिसतो. पैदाशीने जे दहा वर्षांत मिळावयाचे, ते कधी कधी एका डब्याभर मक्याने मिळते. तसेच बुळकांडी आणि आंत्रविषार या रोगांवर लस हाच उपाय. त्यांचे ओझे पैदाशीच्या खांद्यावर टाकू नये. जंतांची गोष्ट थोडी निराळी आहे. एकाच रानात चरून काही शेळ्यांच्या खालच्या पापणीचा आतला भाग पांढरा फटक पडतो आणि काहींचा लालसर राहतो. ज्या शेळीला एका पावसाळ्यात पुन्हा पुन्हा औषध पाजावे लागते, तिची पाट घरी ठेवू नये. ओल्या मुलखात हा नियम वजनाइतकाच मोलाचा आहे.

बोकड निवडताना एक फसगत नेहमी होते, ती येथे सांगणे जरूर आहे. तीन महिन्यांचे दोन नर करडू काट्याला लावले : एक १२ किलो, दुसरे १० किलो. सहज कोणीही पहिले निवडील. परंतु पहिले एकुलते आहे, आईचे सर्व दूध त्यानेच प्याले; दुसरे जुळ्यांपैकी आहे, अर्ध्या दुधावर ते १० किलोंपर्यंत आले. खरे कर्तृत्व दुसऱ्याचे! दर वर्षी पहिल्यासारखेच ठेवीत गेलो तर नकळत एकेक करडू देणाऱ्या शेळ्यांचाच वंश वाढेल आणि आपले मुख्य माप घसरेल. म्हणून जुळ्याची तुलना जुळ्याशी, एकुलत्याची एकुलत्याशी, आणि एकाच महिन्यात जन्मलेल्यांचीच एकमेकांशी करावी. पावसाळ्याच्या तोंडी जन्मलेले आणि दिवाळीत जन्मलेले करडू एका काट्यावर तोलणे हा न्याय नव्हे.

पवित्र शास्त्रातील याकोबाची कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. लाबानाकडे वेतन म्हणून त्याने ठिपकेदार व पट्टेदार शेळ्यामेंढ्या मागितल्या. ती बोली दोघांनाही सोयीची होती, कारण रंग डोळ्यांना दिसतो. त्यावरून तंटा होऊ शकत नाही. रंगाचे ध्येय ठेवणे म्हणूनच सर्वांत सोपे, आणि आजही बाजारात अमक्या सणाला अमक्या रंगाच्या बोकडाला चढा भाव मिळतो. भाव मिळत असेल तर तो नाकारा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रंग हा शेवटचा निकष असावा, पहिला नसावा. कारण ज्या गुणांवर पोट भरावयाचे, ते बोकडाच्या अंगावर लिहिलेले नसतात. बोकड दूध देत नाही आणि वीतही नाही. त्याच्या लेकींना दूध किती येईल, हे त्याच्या आईच्या नोंदीवरूनच कळावयाचे. आईची नोंद नसेल तर देखणा बोकड म्हणजे झाकलेली मूठ.

डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपैकी एक मात्र अवश्य पाहावी, ती शिंगे. बिनशिंगी जनावर शांत, गोठ्यात इजा करीत नाही, म्हणून काही लोक हौसेने बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळ्यांवर घालतात. यात धोका आहे. ब्रनो येथील मठात वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग करून ग्रेगॉर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाने १८६५ मध्ये जे नियम मांडले, त्यांपैकीच एक येथे लागू पडतो. बिनशिंगेपणा एका पालकाकडून आला तर हरकत नाही. दोन्हीकडून आला तर अशा मादी करडांत नर-मादीची मिश्र लक्षणे येतात आणि ती वांझ निपजतात. म्हणून जोडीपैकी एक तरी शिंगाळू असावा. याशिवाय बोकडाचे दोन्ही वृषण खाली उतरलेले व सारखे असावेत, खालचा जबडा पुढे आलेला नसावा आणि पाय सरळ असावेत. एवढे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. ते न करता बोकड आणणाऱ्यास आम्ही काय म्हणावे?

अलीकडे बोअर शेळीचे नाव सर्वत्र झाले आहे. दक्षिण आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी १९५९ मध्ये संघ स्थापून या शेळीचे लक्षण लेखी ठरविले आणि त्या लक्षणाशी ते निष्ठेने राहिले. तिचा पूर्ण वाढलेला नर १०० किलोंच्या आसपास जातो. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात ही जात आणली. मांसाच्या वाढीत ती आपल्या शेळ्यांना मागे टाकते, यात शंका नाही. तथापि मोठ्या देहाला रोज मोठे पोट असते. ज्या घरी बांधून चारा घालण्याची सोय आहे, त्यांनी गावठी शेळीवर बोअर बोकड वापरून होणारी सर्व करडे मांसासाठी विकावीत. हा धंदा किफायतीचा होऊ शकतो. परंतु ती संकरित करडे पैदाशीला ठेवणे आणि त्यांतील नर पुढे कळपात सोडणे, म्हणजे शंभर वर्षांची तगून राहिलेली शेळी चार वर्षांत मोडणे होय. गावठी शेळी शुद्ध ठेवलेली असेल तरच पुढल्या वर्षी संकर करावयाला आई उरते.

आता मूळ अडचणीकडे येऊ. चांगला बोकड ठेवावा हे सर्वांना पटते; पण तो ठेवावा कोणी? ज्या विधवेच्या दारात १६ किलोचा बोकड उभा आहे आणि जून महिन्यात मुलांची पुस्तके घ्यावयाची आहेत, तिने तो वाडीच्या कल्याणासाठी राखावा, असे सांगणे सोपे आणि अन्यायाचे आहे. तिची नड खरी आहे. वाडीला तो बोकड पाहिजे असेल तर खाटीक जो भाव देईल तो वाडीने तिला रोख द्यावा. इथिओपियात २००९ पासून बोंगा, होरो, मेंझ या मेंढ्यांच्या मुलखांत गावकऱ्यांनी हीच वाट धरली. तेथेही वाढीचे एडके लवकर विकले जात होते. इकार्डा या संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्यांनी कोकरांची वजने लिहून ठेवण्यास आरंभ केला, जाणत्या माणसांनी एकत्र बसून एडके निवडले आणि निवडलेला एडका विक्रीस न जाता सामाईक वापरात राहील अशी व्यवस्था केली. आमच्या दहा घरांना हे न जमण्याचे कारण दिसत नाही. प्रत्येक घराने आपापल्या शेळ्यांच्या प्रमाणात वर्गणी द्यावी. दीड वर्षाने बोकड पूर्ण वाढलेला असतो. तो विकला म्हणजे घातलेले पैसे बहुधा वाढून परत येतात आणि त्यांतून पुढला बोकड घेता येतो. वर्गणी एकदाच काढावी लागते. मात्र उरलेले नर तीन-चार महिन्यांचे असतानाच खच्ची करावेत. एरवी वर्गणीचा बोकड दावणीला आणि काम रानातल्या किरकोळाचे, असे होईल.

दीड वर्ष हा काळ आम्ही सहज म्हटलेला नाही. बोकड कामाला लागल्यापासून पाच महिन्यांनी त्याची पहिली करडे होतात. त्यांतील पाटी साधारण एक वर्षाच्या व २० किलोंच्या झाल्या म्हणजे फळविण्यास योग्य होतात. म्हणजे सतरा-अठरा महिन्यांनी बापासमोर त्याच्याच लेकी येऊन उभ्या राहतात. जवळच्या रक्ताची करडे दुबळी निपजतात व अधिक मरतात. म्हणून त्या सुमारास बोकड विकावा, किंवा तो फारच उत्तम असेल तर शेजारच्या वाडीच्या बोकडाशी अदलाबदल करावी. तीन वाड्या एकत्र आल्या तर वरच्या वाडीचा मधल्या वाडीस, मधल्या वाडीचा खालच्या वाडीस आणि खालचा वर, असे चक्र कित्येक वर्षे चालू शकते.

या सर्वांस भांडवल लागते ते एका वहीचे, कानातल्या बिल्ल्यांचे आणि एका लोंबत्या काट्याचे. वही घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती द्यावी. आमच्या पाहण्यात मुली ही नोंद मुलांपेक्षा नेटकी ठेवतात. प्रत्येक शेळीस एक पान. त्यावर फळल्याची तारीख, व्याल्याची तारीख, बोकड कोणता, करडे किती, नर की मादी, जन्माचे वजन, तीन महिन्यांचे वजन, सहा महिन्यांचे वजन, आणि मेले तर कशाने मेले. पहिल्या वर्षी यावरून काहीच निवडू नये, कारण तुलनेला आधार नसतो. त्या वर्षी फक्त आपल्या कळपाची सरासरी कळते, आणि ध्येय ठरवावयाचे ते त्या सरासरीवरून. जेथे सरासरी १२ किलो आहे, तेथे पाच वर्षांत २५ चे ध्येय लिहिणे म्हणजे कागद वाया घालविणे. १३ किंवा १४ लिहावे. काटा झाडाच्या फांदीला किंवा पडवीच्या तुळईला टांगावा, करडू जुन्या गोणपाटाच्या झोळीत घालावे आणि सकाळी दूध पाजण्यापूर्वी तोलावे. झोळीचे वजन वजा करावयास विसरू नये.